‘कधीकधी’चे गुण दोन

हेब्बाळच्या उड्डाणपुलापासून फार लांब नसलेल्या एका रुग्णालयात, बाह्यरुग्ण विभागातील बाकावर, सोलापूरहून मुलाकडे राहायला आलेल्या एक निवृत्त शिक्षिका रक्तदाब तपासून घेण्यासाठी बसल्या होत्या. क्रमांक यायला अवकाश होता. तेवढ्यात एक तरुण संशोधन-साहाय्यक छापील कागद घेऊन आली. वयोवृद्ध रुग्णांच्या मानसिक ताणाचा अभ्यास चालू होता. दहा प्रश्न, पाच मिनिटे, उत्तर द्यायचे नसेल तर सक्ती नाही. कागद इंग्रजीत आणि कन्नडमध्ये होता. “आईला मराठी लागतं,” असे सांगून मुलाने तो स्वतःकडे घेतला आणि तोंडी भाषांतर सुरू केले.

पहिला प्रश्न अनपेक्षित घटनेने अस्वस्थ होण्याविषयी होता. बाई म्हणाल्या, “आता काय सांगायचं? चालायचंच.”

“तसं नाही गं आई. पाचातलं एक सांग. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, अगदी नेहमी.”

“मग लिही कधीकधी.”

दुसऱ्यालाही कधीकधी. तिसऱ्याला मुलगा “टेन्शन येतं का?” असे म्हणाला आणि उत्तराची वाट न पाहता त्याच रकान्यात खूण केली. पाचव्या प्रश्नापासून त्याचे वाचणे आणि बाईंचे ऐकणे दोन्ही थांबले. दहा खुणा एकाखाली एक, ओळंबा लावल्यासारख्या सरळ रेषेत उभ्या राहिल्या.

आरोग्यसंशोधनात या प्रश्नावलीला मोठी प्रतिष्ठा आहे. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ‘पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केल’, म्हणजे जाणवलेल्या ताणाची मापनी, प्रसिद्ध केली. मूळ प्रश्न चौदा होते. १९८८ मध्ये दहा प्रश्नांची आवृत्ती आली आणि आज बहुतेक ठिकाणी तीच वापरली जाते. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ० ते ४०. दहांपैकी सहा प्रश्न त्रासाविषयी विचारतात, तर चार प्रश्न उलट्या बाजूने येतात: अडचणी हाताळता येतील असा विश्वास वाटला का, गोष्टी मनासारख्या घडल्या का, अशा धर्तीचे. त्या चारांचे गुण उलटवून मोजायचे असतात. ‘अगदी नेहमी’ला शून्य आणि ‘कधीच नाही’ला चार.

बाईंच्या कागदाची बेरीज सोपी आहे. सहा प्रश्नांचे बारा, चार उलट्या प्रश्नांचे आठ, एकूण वीस. अनेक शोधनिबंधांत १४ ते २६ या पट्ट्याला ‘मध्यम ताण’ म्हटले जाते. बाईंची नोंद मध्यम ताणाची झाली.

इथे क्षणभर थांबून कागद-पेन्सिल घ्यावी. सर्व प्रश्नांना डोळे मिटून ‘कधीच नाही’ असे उत्तर दिले तर? सहा प्रश्नांचे शून्य, चार उलट्यांचे सोळा; एकूण सोळा. सर्वांना ‘क्वचित’ म्हटले तर अठरा. ‘बऱ्याचदा’ म्हटले तर बावीस. ‘अगदी नेहमी’ म्हटले तर चोवीस. म्हणजे प्रश्न न वाचता कोणताही एक रकाना धरून सरळ खाली उतरणारा माणूस, रकाना कोणताही असो, ‘मध्यम ताणा’तच पोहोचतो. उलटे प्रश्न घालण्यामागे एक हेतू असा असतो की, असा न वाचता दिलेला प्रतिसाद ओळखू यावा. विश्वास ‘अगदी नेहमी’ आणि हतबलताही ‘अगदी नेहमी’, हे विसंगत उत्तर कागदावर लगेच दिसते. मात्र ते दिसण्यासाठी कागदाकडे पाहावे लागते. संगणकात केवळ बेरीज गेली की विसंगती नाहीशी होते आणि तिच्या जागी अत्यंत विश्वासार्ह दिसणारा एक मधला आकडा उरतो.

पट्ट्यांचीही एक गंमत आहे. ही मापनी निदानासाठी नाही आणि तिच्यात ‘कमी’, ‘मध्यम’, ‘तीव्र’ अशा सीमारेषा नाहीत, हे खुद्द कोहेन यांनी स्पष्ट केलेले आहे. तरीही सीमारेषा रूढ झाल्या, कारण आलेख काढायला त्या सोयीच्या पडतात.

गुणांची बेरीज करण्याची रीत रेन्सिस लिकर्ट यांच्या १९३२ मधील लेखाकडे जाते. लोकांची मते मोजण्यासाठी त्यांनी पाच पायऱ्यांची उत्तरे घेतली, पायऱ्यांना १ ते ५ क्रमांक दिले आणि ते मिळवले. त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने भौतिकशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांची एक समिती नेमली. संवेदनेचे मोजमाप शक्य आहे का, हा तिच्यापुढील प्रश्न. नॉर्मन कॅम्पबेल हे भौतिकशास्त्रज्ञ तिच्यात होते आणि त्यांचे म्हणणे कडक होते: लांबीला लांबी जोडता येते, वजनाला वजन जोडता येते, एका संवेदनेच्या टोकाला दुसरी संवेदना जोडून दाखवा, मग मोजमापाची भाषा करा. समिती १९४० पर्यंत चालली आणि एकमत न होताच संपली. एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये ‘सायन्स’मध्ये नामवाचक, क्रमवाचक, अंतरवाचक आणि गुणोत्तरवाचक अशा चार श्रेणी मांडल्या, त्या याच वादाला उत्तर म्हणून.

क्रमवाचक श्रेणी म्हणजे काय, हे खनिजशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची श्रेणी दिली. जे दुसऱ्यावर ओरखडा काढते त्याचा क्रमांक वरचा. पुष्कराज ८, कुरुविंद ९, हिरा १०. आठ-नऊ आणि नऊ-दहा यांत अंतर एकेकच. पण उपकरणाने कठीणपणा मोजला तर हिरा कुरुविंदाच्या सुमारे चौपट भरतो. क्रम बरोबर आहे, अंतरे खोटी आहेत. मोसच्या श्रेणीवरील दोन क्रमांकांची सरासरी काढण्याचे कोणाच्या मनात येत नाही. ‘क्वचित’ आणि ‘कधीकधी’ यांतील अंतर ‘बऱ्याचदा’ आणि ‘अगदी नेहमी’ यांतील अंतराएवढेच आहे, हे मात्र रोज हजारो संगणक गृहीत धरतात.

या गृहीतकाला पूर्णपणे मोडीत काढणे अन्यायाचे होईल. दहा प्रश्नांच्या बेरजेत एकेका प्रश्नाची खडबडीतपणे पडलेली अंतरे काहीशी घासून निघतात. शेकडो माणसांच्या दोन गटांची तुलना करताना ही बेरीज पुष्कळदा समाधानकारक काम देते. खरी पंचाईत होते ती टक्केवारीत. ‘बारा आठवड्यांत ताण २५ टक्क्यांनी घटला’ अशा थाटाचे मथळे विज्ञानवार्तांत नेहमी येतात. समजा, गटाची सरासरी वीसवरून पंधरावर आली. पाच भागिले वीस, पंचवीस टक्के. आता हेच पर्याय ०-४ ऐवजी १-५ असे मोजले तर काय होते? माणसे तीच, उत्तरे तीच. पण सरासरी तीसवरून पंचवीसवर येते आणि घट सुमारे १७ टक्के ठरते. शून्य कुठे ठेवायचे हे छापणाऱ्याने ठरवले, आणि त्याबरोबर ताण किती टक्के घटला हेही ठरले. तापमान ३० अंश सेल्सिअसवरून १५ वर उतरले तर ‘उष्णता निम्मी झाली’ असे अकरावीचा विद्यार्थीही म्हणत नाही. तेच तापमान फॅरनहाइटमध्ये ८६ वरून ५९ होते आणि ‘निम्मे’ तिथेच कोसळते. केल्विनच्या श्रेणीला खरे शून्य आहे. मनस्तापाचे खरे शून्य कोणाला सापडलेले नाही. घट पाच गुणांची, चाळीसपैकी, तुलनागटात ती दोन गुणांची होती, असे लिहिले तर वाचकाला पुष्कळ काही कळते. पण त्याचा मथळा होत नाही.

दुसरी अडचण शब्दांची. मूळ इंग्रजी ‘स्ट्रेस’ हा शब्द स्थापत्यातून आणि पदार्थविज्ञानातून उचललेला. मराठी भौतिकशास्त्र त्याला ‘प्रतिबल’ म्हणते. प्रतिबलामुळे वस्तूत जो बदल होतो, तो ‘स्ट्रेन’, मराठीत ‘विकृती’. हा शब्द शरीरशास्त्रात रूढ करणारे हान्स सेल्ये यांनी पुढे कबूल केले की, आपले इंग्रजी अधिक पक्के असते तर आपण ‘स्ट्रेन’ हाच शब्द घेतला असता. (मराठीत तो घेतला असता तर शिक्षकांच्या ‘विकृती’चे सर्वेक्षण करावे लागले असते, आणि शिक्षकांनी ते होऊ दिले नसते.) मराठी मानसशास्त्राने ‘ताण’ निवडला, भौतिकशास्त्रात तो ‘पृष्ठताणा’तला, दोरीतला ताण, ओढला जाणारा. कन्नडमध्ये याच ठिकाणी ‘ओत्तड’ येतो. तो दाब आहे. हवेचा दाबही ओत्तड आणि रक्तदाब म्हणजे रक्तदोत्तड. इंग्रजी कागदातील एकच प्रश्न मराठीत ओढला जातो आणि कन्नडमध्ये दाबला जातो. रक्तदाब तपासायला आलेल्या माणसापुढे दुसरा शब्द ठेवला तर त्याला काय ऐकू येईल, याचा अंदाज करता येतो.

काळाचेही तसेच. मूळ प्रश्न मागील महिनाभराविषयी आहेत. मराठीत ते ‘गेल्या महिन्यात’ असे छापले तर सात तारखेला उत्तर देणारा माणूस सरळ मागचा महिना आठवू लागतो आणि कालपरवाची भांडणे बाहेर राहतात. ‘गेल्या महिनाभरात’ असे लिहिले की प्रश्न जागेवर येतो. भाषांतर करून घेणे, मग दुसऱ्याकडून ते मूळ भाषेत परतवून तपासणे, मग त्या भाषेच्या दहा-वीस माणसांबरोबर बसून प्रत्येक प्रश्न त्यांना काय समजला ते ऐकणे: ही कंटाळवाणी कामे चांगले संशोधक करतात. घाईच्या सकाळी शेजारी बसलेला मुलगा ती करू शकत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही.

मग माणसाला विचारायचेच कशाला? रक्त, लाळ, मेंदू यांनाच का विचारू नये? हेब्बाळहून बळ्ळारी रस्त्याने उत्तरेकडे काही किलोमीटर गेले की कृषी विद्यापीठाच्या जीकेव्हीके परिसरात राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीबीएस, लागते. तिथे सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने, निम्हान्समधील बी. एस. शंकरनारायण राव यांच्या सहभागाने, उंदरांवर केलेले काम २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदरांना दिवसाला दोन तास, सलग दहा दिवस, हालचाल करता येणार नाही असे ठेवले. नंतर मेंदूतील पेशींच्या शाखा सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या एका भागातील पेशींच्या शाखा आखडल्या होत्या. भीती आणि चिंतेशी निगडित अमिग्डालात मात्र त्या वाढल्या होत्या. उंदीर तेच, दहा दिवस तेच. एका ठिकाणी घट, दुसऱ्या ठिकाणी वाढ.

या निष्कर्षाकडे प्रश्नावलीच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट खटकते. प्रश्न न विचारता, थेट पेशी पाहूनही ताणाचा एकच आकडा हाती आला नाही. दोन्ही भागांतील शाखांची लांबी मिळवून कोणी ‘एकूण बदल’ काढला असता तर आखडणे आणि वाढणे परस्परांना खाऊन टाकू शकले असते, आणि उंदराला काहीच झाले नाही असे दिसले असते. कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांनीही सुटका होत नाही. ते दिवसाच्या प्रहरानुसार चढते-उतरते आणि माणसाने स्वतः सांगितलेल्या ताणाशी त्याचा मेळ अनेकदा क्षीण असतो.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, निम्हान्समध्ये, आर. रघुराम, मिचेल वाइस आणि सहकाऱ्यांनी ८० रुग्णांशी बोलून केलेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी गुणश्रेणीबरोबरच मोकळ्या मुलाखतीही घेतल्या. जिथे नैराश्याची लक्षणे तीव्र, तिथे लोकलज्जेची भावना अधिक. जिथे अंगदुखी, अशक्तपणा अशा शारीरिक तक्रारी तीव्र, तिथे ती कमी. पाठ दुखते असे सांगितल्याने कोणाचे लग्न मोडत नाही. मन लागत नाही असे सांगण्याला किंमत मोजावी लागते. म्हणून प्रश्न शरीराविषयी आहे की मनाविषयी, एवढ्यावरही आकडा हलतो. आणि उत्तर ऐकायला शेजारी कोण बसले आहे यावरही हलत असणार.

घटना मोजाव्यात, भावना नकोत, हाही मार्ग चोखाळला गेला. होम्स आणि राहे यांनी १९६७ मध्ये ४३ घटनांची यादी केली. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण, विवाहाला ५०. गुरमीत सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये भारतीयांसाठी ५१ घटनांची यादी तयार केली. तिच्यात हुंड्यावरून तंटा आहे, अपत्य नसणे आहे, पिकाचे नुकसान आहे, ज्योतिष्याने वर्तवलेले भाकीतही आहे. सहल किंवा तीर्थयात्रा सगळ्यांत खाली, २० गुणांवर. सर्वांत वर, ९५ गुणांवर, जोडीदाराचा मृत्यू.

बाकावरच्या बाईंचे यजमान वर्षापूर्वी गेले होते. महिनाभराच्या प्रश्नावलीत तो मृत्यू बसत नव्हता.

एवढे वाचून कोणी मापन्या फेकून द्यायला निघाला तर त्याने गोव्याकडे पाहावे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तेथील प्राथमिक आरोग्यसेवेतील ५९८ रुग्णांवर पाच प्रश्नावल्या पडताळून पाहिल्या आणि २००८ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. पाचही ठीक चालल्या, दोन अधिक चांगल्या. पण प्रश्नावलीने ‘त्रस्त’ ठरवलेल्यांपैकी सविस्तर मुलाखतीत खरोखर तसे आढळलेल्यांचे प्रमाण, प्रश्नावलीनुसार, ५१ ते ७७ टक्के इतकेच होते. ही चाळणी आहे. चाळणीवर राहिलेले सर्व दाणे खडे नसतात. आणि तरीही चाळणीवाचून चालत नाही. गोव्यातच पुढे ४९५ नैराश्यग्रस्तांवर ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ची चाचणी झाली, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती आली. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. रुग्ण निवडले गेले पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या कागदाने. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्याच्या रेषेखाली आले होते, सुधारित नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. हा ३९चा आकडा विसरू नये. सर्वांत वाईट दिवसांत निवडलेली माणसे पुढे काहीशी सावरतातच. तुलनागट नसता तर त्यांचे सावरणेही उपचाराच्या खात्यावर जमा झाले असते. इथली टक्केवारी माणसांची आहे, दुःखाची नाही, म्हणून ती टिकते.

पीएचक्यू-९ मधील नववा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याविषयी आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७, आणि दहापासून पुढे सहसा लक्ष दिले जाते. एखाद्याने नवव्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर दिले आणि उरलेल्या आठांना ‘मुळीच नाही’, तर त्याची बेरीज तीन होते. तीन म्हणजे ‘किमान’ गट. जबाबदार अभ्यासांत या एका उत्तराकडे बेरजेच्या आधी, कागद हातात असतानाच, पाहिले जाते. ते शून्य नसेल तर त्याच दिवशी कोणीतरी त्या माणसाजवळ बसते. विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पासाठी ही प्रश्नावली गूगल फॉर्मवर टाकण्यापूर्वी, मध्यरात्री आलेले ते उत्तर कोण वाचणार आहे, हे ठरवलेले असावे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फॉर्मच्या शेवटी छापणे हे त्यातले किमान काम.

हेब्बाळच्या त्या बाकावर मुलाला बिल भरण्यासाठी खिडकीकडे जावे लागले. साहाय्यक मुलगी कागद घ्यायला परत आली, सरळ उभी रेषा तिने पाहिली आणि बाईंच्या शेजारी बसली.

“अम्मा, कन्नड बरुत्ता?”

“स्वल्प स्वल्प,” बाई म्हणाल्या. सोलापुरात अर्धा वर्ग घरी कन्नड बोलणारा असे. चाळीस वर्षांच्या नोकरीत कानावर पडले होते ते पुरेसे होते. मुलीने तिसरा प्रश्न कन्नडमध्ये वाचला. “ओत्तड म्हणजे बीपी ना?” असे बाईंनी विचारले. मुलीने मान हलवली, छातीवर हात ठेवला आणि दुसऱ्या शब्दांत समजावले. बाई थोडा वेळ खिडकीच्या रांगेकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी बोट शेवटच्या रकान्यावर ठेवले. दहाव्या प्रश्नालाही तेच. बाकीचे आठ त्यांनी बदलले नाहीत.

दोन ठिकाणी दोनाचे चार झाले. वीसचे चोवीस. पट्टा तोच राहिला, मध्यम.

मुलीने समासात पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या: रात्री तीनला जाग येते, सोलापूरचे घर बंद आहे, कोणाला सांगत नाहीत. ज्या तक्त्यात हा कागद भरला जाणार होता, त्यात समासासाठी रकाना नव्हता. मुलगा पावती घेऊन परत आला तेव्हा बाईंचा क्रमांक पुकारला जात होता.